इंग्लंडचे जुने कॅथेड्रल आतून कसे पाहावे: खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, पहिल्यांदा शिरणारा माणूस बहुधा दारातून थेट वेदीच्या दिशेने चालू लागतो, वाटेत वीस-पंचवीस फोटो काढतो आणि पाऊण तासात बाहेर पडतो. काय पाहिले असे विचारले तर "फार भव्य होते" यापलीकडे त्याला सांगता येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पुष्कळ मंडळी आता मुलांच्या शिक्षणामुळे किंवा नोकरीमुळे तिकडे जाऊन राहतात. डरहॅम विद्यापीठाचा पदवीदान समारंभ तर कॅथेड्रलच्या आतच होतो. एवढा लांबचा प्रवास करून गेल्यावर वास्तू नीट उमगावी, यासाठी हे लिहिले आहे.

आमचे सांगणे एका ओळीत असे: आत गेल्यावर सगळ्यात आधी वजनाचा माग काढा. छताचा भार कुठून निघतो आणि जमिनीत कुठे उतरतो हे एकदा दिसले, की खांब इतके जाड का, खिडक्या अमुक काळानंतरच मोठ्या का झाल्या, बाहेरून धिरे का दिले, या सगळ्याचा उलगडा होतो. रंगीत काचा, कोरीव काम आणि थडगी त्यानंतर.

निघण्याआधी दोन सहली

याची तयारी खानदेशातच होते. चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवर पाटणादेवीचे मंदिर आहे. तिथल्या मंडपात उभे राहून फक्त वर पाहा. उभा खांब, त्यावर आडवी दगडी तुळई, तुळयांवर छताचे दगड. भार सरळ खाली उतरतो, बाजूला ढकलत नाही. ही रचना अतिशय भक्कम, पण तिला एक मर्यादा आहे. दगड दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाही. तुळई लांब केली की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथून तडकते. म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात, मंडप आटोपशीर राहतो आणि आत अंधार असतो. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या मंदिरांतही हेच दिसेल.

दुसरी सहल तापीकाठच्या थाळनेरला, फारुकी सुलतानांच्या मकबऱ्यांकडे. इथे तुळईऐवजी कमान आणि घुमट आहे. कमानीतले दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे ताणाचा प्रश्न मिटतो. पण कमान आपले पाय बाहेरच्या बाजूला रेटते. हा रेटा अडवायला जाड भिंत लागते. थाळनेरला भिंतींची जाडी दाराच्या बेचक्यात उभे राहून पाहा आणि लक्षात ठेवा. कमानीचा हा बाहेरचा रेटा सांभाळत भिंती पातळ करायच्या आणि उजेड आत घ्यायचा, या एका कामावर इंग्लंडचे पाथरवट जवळजवळ चारशे वर्षे झटले.

काळही जुळवून पाहण्यासारखा आहे. पाटणचा शिलालेख, ज्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे, तो 1207 सालचा. लिंकन कॅथेड्रलच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंद बसतो त्या भागाचे, काम 1192 मध्ये सुरू झाले आणि सॉल्झबरीचा पाया 1220 मध्ये घातला गेला.

दिवस, वेळ आणि पिशवी

कॅथेड्रल हे चालू प्रार्थनास्थळ आहे. रविवारी सकाळी पाहुण्यांना बहुतेक भाग बंद असतो. पदवीदान, मोठी लग्ने, संगीताच्या तालमी असल्या की आठवड्यातल्या दिवशीही निम्मी इमारत दोरी लावून अडवलेली मिळते. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी त्या कॅथेड्रलच्या संकेतस्थळावरची दिनदर्शिका पाहाच. काही ठिकाणी तिकीट असते, काही ठिकाणी ऐच्छिक देणगी. काही तिकिटे वर्षभर चालतात, तेव्हा बाहेर पडताना ते फेकू नका.

उजेडाचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात उत्तरेकडे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात तीन वाजता पोहोचणाऱ्याला रंगीत काचा काळ्या पाट्यांसारख्या दिसतात. त्या दिवसांत सकाळी दहालाच आत शिरा.

थंडी हा खानदेशी माणसाचा हमखास फसण्याचा भाग. भुसावळचा 44-45 अंशांचा मे सोडून तिथे गेल्यावर बाहेर ऊन असते, म्हणून जाकीट गाडीत राहते. दगडी इमारत आतून महिनोन्‌महिने गारच असते आणि गारवा पायांतून चढतो. लोकरी मोजे आणि जाड, मऊ तळाचे बूट घाला. बूट आत काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढावी असा संकेत आहे. फेट्याला किंवा डोक्यावरच्या पदराला कोणी हरकत घेत नाही.

पिशवीत एक छोटी दुर्बीण हवी, 8 पटीची पुरते. 10 पटीची हातात थरथरते आणि अंधुक उजेडात तिचा उपयोग कमी होतो. दुर्बिणीशिवाय छतावरचे कोरीव काम आणि वरच्या काचा दिसल्यासारख्या वाटतात, दिसत मात्र नाहीत. तळहाताएवढा आरसाही घ्या. तो छातीपाशी आडवा धरून त्यात छत पाहिले की मान आखडत नाही. काही कॅथेड्रलमध्ये यासाठी चाकांवरचे मोठे आरसे ठेवलेले असतात. पाठीवरची मोठी सॅक बाहेर ठेवता आली तर उत्तम, कारण वळताना तिचा धक्का थडग्यावरच्या नाजूक पुतळ्याला बसतो. दशम्या-चटणीचा डबा बाहेरच्या हिरवळीवरच उघडा, आत खाणे चालत नाही.

वेळ किमान तीन तास धरा. त्याहून कमी असेल तर सगळे पाहण्याचा हट्ट सोडा. मुख्य दालन आणि मधला चौक एवढेच पाहा, पण नीट पाहा.

पहिली दहा मिनिटे: पश्चिम टोकाला

इमारत क्रूसाच्या आकाराची असते. लांब दालन पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, त्याला नेव्ह म्हणतात. दोन आडवे हात म्हणजे ट्रान्सेप्ट. दालन आणि हात जिथे छेदतात तो मधला चौक, ज्यावर बहुधा मुख्य मनोरा उभा असतो. चौकाच्या पुढे क्वायर, म्हणजे गायकवृंद आणि धर्मगुरूंच्या आसनांची जागा, आणि त्याच्या पूर्वेला मुख्य वेदी.

पाहुण्यांचे दार पुष्कळदा उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला असते. त्यातून आत आल्यावर पूर्वेकडे वळू नका. आधी उलटे, पश्चिम टोकाला जा, मधोमध उभे राहा आणि पूर्वेकडे तोंड करा. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटे लागतात, तेवढी द्या.

आता एका बाजूची भिंत खालून वर पाहा. तिचे तीन मजले आहेत. खाली मोठ्या कमानींची रांग, जिच्या पलीकडे दालनाला समांतर बाजूची वाट असते. मध्ये लहान कमानींचा पट्टा, ज्याच्या मागे बाजूच्या वाटेच्या छपराची पोकळी असते. सगळ्यात वर खिडक्यांची ओळ, जिथून उजेड येतो. नॉर्मन, म्हणजे 1066 नंतरच्या पहिल्या शैलीच्या, इमारतीत मधला पट्टा उंच आणि जड असतो. पुढच्या काळात तो आकसत जातो आणि वरच्या खिडक्या वाढतात. या तीन पट्ट्यांचे प्रमाण पाहूनच काळाचा अंदाज बांधता येतो.

कमानीचा आकार त्याहून सोपी खूण आहे. अर्धगोल आणि जाड कमान असेल तर नॉर्मन, साधारण 1066 ते 1190. साधी टोकदार, उंच, अरुंद खिडकी असेल तर अर्ली इंग्लिश, सुमारे 1275 पर्यंत. खिडकीच्या डोक्यात दगडी जाळीची वळणे आणि पाने दिसली तर डेकोरेटेड, सुमारे 1380 पर्यंत. खिडकी भिंतीएवढी होऊन तिच्यात उभ्या सरळ पट्ट्यांची चौकट आली की पर्पेंडिक्युलर, सुमारे 1520 पर्यंत. एकाच इमारतीत यातल्या दोन-तीन शैली असणे हेच नेहमीचे. चालता चालता कमानीचा आकार अचानक बदलला तर तिथे थांबा. काम पैशाअभावी थांबले होते, काही कोसळले होते किंवा नवा बिशप नवी आवड घेऊन आला होता, यापैकी काहीतरी तिथे घडलेले असते.

जमिनीवरच्या रंगीत फरश्या, लाकडी पडदे आणि बरीचशी चकचकीत काच यांच्याबाबत सावध राहा. यातले पुष्कळसे 19व्या शतकातल्या जीर्णोद्धाराचे असते आणि मध्ययुगीन समजून लोक त्याचेच फोटो काढतात.

छत

छतासाठी सगळ्यात चांगली शाळा डरहॅम. काम 1093 मध्ये सुरू झाले आणि 1133 पर्यंत मुख्य इमारत छतासकट उभी राहिली. गोल खांबांचा घेर 6.6 मीटर आणि उंचीही 6.6 मीटर. त्यांवर नागमोडी रेषा, शंकरपाळ्याच्या चौकटी, उभ्या पन्हळी कोरल्या आहेत. हे खांब सबंध दगडाचे नाहीत. बाहेर घडीव दगडांचे कवच आणि आत चुना-दगडांची भर आहे.

आता वर पाहा. दगडी छताच्या प्रत्येक खणात कर्णावर एकमेकींना छेदणाऱ्या बरगड्या आहेत. या बरगड्यांना रिब म्हणतात आणि एवढ्या मोठ्या इमारतीवर त्या वापरण्याचे डरहॅम हे युरोपातले अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. आधी बरगड्या बांधून त्यांच्या मधल्या जागा भरता आल्या, त्यामुळे लाकडी आधार कमी लागला.

डरहॅमच्या नेव्हमध्ये छताच्या आडव्या कमानी टोकदार आहेत, त्यामागचे कारण समजून घ्या. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते, त्यात बदल करता येत नाही. समजा खण 10 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब आहे. रुंद बाजूची कमान 5 मीटर उठेल, अरुंद बाजूची 3 मीटर आणि कर्णावरची, जिची रुंदी सुमारे 11.7 मीटर, ती 5.8 मीटर. तिन्हींची टोके वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि छत वेडेवाकडे होते. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते, म्हणून तिन्ही टोके एका पातळीत आणता आली. शिवाय तिचा बाहेरचा रेटा कमी असतो. पुढच्या चार शतकांच्या गॉथिक वास्तू या सोयीवर उभ्या आहेत.

हा रेटा पुढे कुठे जातो हे आतून अर्धेच दिसते. खण जिथे भिंतीला टेकतो त्या जागेची मनात नोंद करा आणि नंतर बाहेर जाऊन बरोबर त्याच जागी भिंतीला दिलेला धिरा शोधा. सॉल्झबरीला बाहेर हवेत झेपावणारे धिरे दिसतात. डरहॅमला तशाच कामाच्या कमानी बाजूच्या छपराखाली दडलेल्या आहेत, त्यामुळे तिथे नुसती भिंत पाहून फसायला होते.

आणखी एक फसवी जागा यॉर्क मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचे कॅथेड्रल. तिथल्या नेव्हचे छत दगडी दिसते, पण लाकडी आहे. दालन इतके रुंद की दगडाचा भार झेपला नसता. एक्सटरला मात्र सुमारे 96 मीटर लांबीचे अखंड दगडी छत आहे, कारण तिथे मधोमध मनोरा नसल्याने छत कुठेच तुटत नाही. बरगड्या जिथे मिळतात तिथे कोरीव दगडी फुले असतात, ती दुर्बिणीने एकेक करून पाहा. जिच्या तोंडातून पाने फुटली आहेत अशी माणसाची मुद्रा हमखास सापडेल.

मधला चौक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मनोऱ्याचे सारे वजन चार खांबांवर येते. म्हणून कॅथेड्रलमध्ये काही बिघडले असेल तर ते इथेच दिसते.

सॉल्झबरीला चौकातल्या एखाद्या खांबाशी उभे राहून त्याच्या रेषेवरून नजर वर न्या. खांब वाकलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मूळ आराखड्यात नसलेला उंच मनोरा आणि कळस नंतर चढवला गेला, सुमारे 6,500 टनांचा. कळसाचे टोक 123 मीटरवर आहे आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. जमीन ओलसर, खाली वाळू-गोट्यांचा थर. कळस कलला आहे. 1668 मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने त्याची पाहणी केली होती. टोक किती सरकले आहे, साधारण 75 सेंटीमीटर, हे दाखवणारी खूण चौकातल्या फरशीवर आहे. ती शोधा आणि तिच्यावर उभे राहून वर पाहा.

वेल्सला (हे इंग्लंडमधलेच शहर, वेल्स देश नव्हे) याच आजारावरचा उपाय दिसतो. 14व्या शतकाच्या सुरुवातीला मनोरा उंच केला आणि पाया खचून भेगा पडू लागल्या. 1338 ते 1348 च्या दरम्यान विल्यम जॉय या मुख्य पाथरवटाने चौकाच्या तीन बाजूंना कमानीवर उलटी कमान ठेवली, कात्रीसारखी. पहिल्या नजरेला ती आधुनिक वाटते, आणि सजावट समजून लोक पुढे जातात. खरे तर तो आधार आहे. वरचा भार खालच्या कमानीतून उतरतो आणि उलटी कमान खांबांना आत कलू देत नाही. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला हे काम का नाही हे तिथे उभे राहून शोधा: त्या बाजूला क्वायरचे बांधकाम आधीच आधार देत होते.

ईलीला मनोरा 1322 मध्ये कोसळलाच. तिथल्या अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगहॅमने चार खांब पुन्हा न उभारता चौक मोठा करून अष्टकोन केला, म्हणजे भार चारऐवजी आठ ठिकाणी वाटला गेला. त्यावरचा दिवा, म्हणजे खिडक्यांचा कळस, लाकडी आहे आणि ओकच्या आठ प्रचंड खांबांवर तोललेला आहे. थेट खाली उभे राहिलात तर तो अधांतरी वाटतो. नेव्हच्या दिशेने पंधरा-वीस पावले मागे सरका, मग तिरप्या तुळया भार आठ कोपऱ्यांकडे कसा नेतात ते दिसते.

क्वायर आणि काचा

क्वायरमधली लाकडी आसने वर उलटतात. त्यांच्या खालच्या बाजूला एक छोटी फळी असते, जिला मिझरिकॉर्ड म्हणतात. दीर्घ प्रार्थनेत उभ्या असलेल्या वृद्ध साधूंनी तिच्यावर टेकावे अशी ती सोय. तिच्याखाली सुतारांनी मनाला येईल ते कोरले आहे: भांडणारे जोडपे, माकडे, कोल्हे, राक्षस. एक्सटरला 13व्या शतकातला हत्ती आहे. खरा हत्ती पाहिलेल्याला त्याच्या पायांची घडण लगेच खटकेल. आसने स्वतः उलटू नका, बिजागऱ्या जुन्या असतात. तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. बहुतेक जण आनंदाने उलटून दाखवतात आणि सोबत दहा गोष्टी सांगतात.

रंगीत काच ढगाळ पण उजळ दिवशी सगळ्यात चांगली दिसते. थेट ऊन पडले की फिकट तुकडे भगभगतात आणि निळे-लाल बुडतात. पूर्वेच्या खिडक्या दुपारी, पश्चिमेच्या सकाळी पाहा, म्हणजे सूर्य काचेमागे नसतो. चित्रे साधारणपणे खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायची. यॉर्कची पूर्वेची महाखिडकी, जी जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 मध्ये केली, ती मात्र वरून खाली उतरते. सुरुवात सृष्टीच्या निर्मितीपासून, शेवट जगाच्या अंतापाशी. विंचेस्टरच्या पश्चिम खिडकीत कथा शोधत बसू नका. 1642 मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांनी ती फोडली आणि नंतर लोकांनी वेचलेले तुकडे जसे मिळाले तसे बसवले. शिशाच्या काळ्या रेषा जिथे चेहऱ्यावरून विचित्र गेल्या आहेत, तिथे बहुधा जुनी फुटलेली काच सांधलेली असते.

पुतळ्यांची मुंडकी तुटलेली, कोनाडे रिकामे असतील तर 16व्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत ती तोडफोड झालेली असते. ईलीच्या लेडी चॅपलमध्ये, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनागृहात, हे मन विदीर्ण करणाऱ्या प्रमाणात दिसते.

खाली पाहायलाही विसरू नका. डरहॅमच्या नेव्हच्या पश्चिम भागात फरशीत काळ्या दगडाची पट्टी आहे. मठ होता तेव्हा स्त्रियांना तिच्यापुढे जायची बंदी होती. त्याच इमारतीच्या पूर्व टोकाच्या नऊ वेद्यांच्या चॅपलमध्ये काळे सडपातळ खांब आहेत. जवळ जाऊन पाहा, दगडात पांढऱ्या प्रवाळांचे जीवाश्म आहेत. हात मात्र लावू नका, विशेषतः थडग्यांवरच्या अलाबास्टर या दगडाला. ते इतके मऊ की नखाने ओरखडते.

वेळ उरला तर चॅप्टर हाउस, म्हणजे धर्मगुरूंच्या सभेचे दालन, पाहा. वेल्सचे 1306 च्या सुमाराचे, मधल्या एका खांबातून 32 बरगड्या फुटणारे. सॉल्झबरीला त्याच जागी 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे.

इव्हन्साँग

संध्याकाळच्या या गायनप्रार्थनेला कोणीही बसू शकते, धर्म विचारत नाहीत आणि पैसे लागत नाहीत. बहुधा साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि पाऊण तास चालते. वीस मिनिटे आधी जा, कारण लवकर येणाऱ्यांना कधीकधी थेट क्वायरमध्ये जागा देतात. इतर उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकण्याची सक्ती नाही. फोन बंद, फोटो नाही. गायक समोरासमोर दोन बाजूंना बसतात आणि स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने घेतात. हरिपाठात टाळकऱ्यांच्या दोन रांगा जशा एकमेकींना चरण देतात, तेच इथे चालते. शेवटचा सूर थांबल्यावर लगेच उठू नका. दगडी छत तो सूर काही क्षण धरून ठेवते.

मनोऱ्यावर चढावे का

डरहॅमला 325 पायऱ्या आहेत, सॉल्झबरीच्या मनोऱ्याच्या सहलीत 332. जिना अरुंद आणि गोल, कठडा कधी फक्त दोराचा. गुडघेदुखी, चक्कर किंवा बंद जागेची भीती असेल तर जाऊ नका, कारण मधून परतणे अवघड जाते. जाणार असाल तर आधी नाव नोंदवा आणि आतले दर्शन पूर्ण करूनच चढा. सॉल्झबरीच्या सहलीत छताच्या वरची पोकळी आणि जुने लाकूडकाम दाखवतात. खालून टोकदार आणि रेखीव दिसणाऱ्या छताची पाठ ओबडधोबड असते आणि बरगड्यांवर भार नेमका कुठे बसला आहे ते तिथून स्पष्ट दिसते.